फख्र आणि गुरूर

उर्दूत फख्र आणि गुरूर हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत आपण अभिमान आणि गर्व म्हणतो. कोशात त्यांच्यात अंतर आहे, माणसाच्या मनात मात्र ते भिंतीला भिंत लावून राहतात. ज्याच्याकडून कुणालाच आशा नव्हती असा एखादा बुजरा जीव पुढे निघून जातो, तेव्हा आपली छाती फुगते. त्या क्षणी आपण यांपैकी कोणत्या घरात उभे असतो, हा प्रश्न आम्हा शिकवणाऱ्यांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

अमेरिकेतल्या सीबिस्किट या शर्यतीच्या घोड्याची हकीकत पाहू. ठेंगणा, वाकड्या गुडघ्यांचा हा घोडा दोन वर्षांचा असताना तब्बल ३५ शर्यतींत पळवला गेला. १९३६ साली चार्ल्स हॉवर्ड यांनी तो विकत घेऊन टॉम स्मिथ या अबोल प्रशिक्षकाच्या हवाली केला. तेव्हा तीन वर्षांचा सीबिस्किट तबेल्यात सारख्या येरझारा घाली, नीट खात नसे, अंगाने खंगला होता. स्मिथने त्याच्या सोबतीला शेळी ठेवली. घोड्याने ती दातांत धरून दाराबाहेर टाकली. स्मिथने त्याला शिक्षा केली नाही, सोबत बदलली. पंपकिन नावाचा शांत घोडा आणला आणि दोघांमधली भिंत काढून टाकली. पुढे एक कुत्रा आणि एक माकडही तिथे राहायला आले. हळूहळू सीबिस्किट निवांत झोपू लागला.

१ नोव्हेंबर १९३८ रोजी बाल्टिमोरमधल्या पिम्लिको मैदानावर त्याची गाठ वॉर ॲडमिरलशी पडली. या घोड्याने १९३७ साली अमेरिकेतल्या तिन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या होत्या. सीबिस्किटने त्याला घोड्याच्या चार लांबींइतकं मागे टाकलं.

तो अपेक्षेपलीकडे गेला, असं सगळे म्हणाले. पण अपेक्षा कुणाची? घोड्याने तर कुणाला कसलाच शब्द दिला नव्हता. गुडघे पाहून त्याची किंमत माणसांनीच ठरवली होती. म्हणून "याच्याकडून एवढं वाटलं नव्हतं" या कौतुकात थोडा अपमानही लपलेला असतो. आणि "आम्ही घडवला" म्हणताच फख्राचा गुरूर होतो. धावले होते ते पाय घोड्याचे.

मग स्मिथच्या वाट्याला काय उरतं? आमच्या मते पुष्कळ उरतं. घोड्याला वेग त्याने दिला नाही, पण त्याच्या मनातली भीती ओळखली आणि ती ओसरेपर्यंत तो थांबला. एवढ्याचा फख्र त्याने जरूर करावा.

समजा, सीबिस्किट पिम्लिकोवर हरला असता, तर पंपकिनची सोबत वाया गेली असती का? शर्यतीच्या धंद्यात कदाचित हो. तिथे हिशेब जिंकण्याचाच असतो. वर्गात हा हिशेब चालत नाही. फळ्यापाशी येताना थरथरणारं मूल पुढे पहिलं येवो न येवो, त्याला धीर मिळणं हा त्याचा हक्क आहे. बक्षिसाच्या दिवशी टाळ्या सगळेच वाजवतात. ते मूल पहिल्यांदा न घाबरता उठून उभं राहील, फख्र आपण त्या दिवशी करावा.