पुरेसें म्हणजे किती?

कोणत्याही कामांत ‘आतां पुरें’ असें नेमकें केव्हां म्हणावें, हा प्रश्न जितका नीतिशास्त्राचा तितकाच कारागिरीचाही आहे. कमी केलें तर काम सैल राहतें, अधिक केलें तर तें बिघडतें. आणि या दोहोंमधील सीमा मनुष्याच्या हातानें ठरवावी कीं उपकरणानें, याविषयीं मतभेद आहे. नुसत्या तत्त्वाच्या भाषेंत हा वाद लवकरच निर्जीव होतो. म्हणून आम्ही एक लहानसें उदाहरण घेतों: नेमबाजीच्या रायफलीचे स्क्रू आंवळण्यासाठीं टॉर्क ड्रायव्हर, म्हणजे पीळ मोजणारा पेचकस, कोणता निवडावा?

महाराष्ट्रीय वाचकांस रायफल नेमबाजी आतां अपरिचित नाहीं. तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफल प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. त्या प्रकारांत लक्ष्यावरील दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. इतक्या सूक्ष्म कामांत नेमबाजाच्या श्वासाइतकेच रायफलीचे दोन-तीन स्क्रूही महत्त्वाचे ठरतात. नळीसह सर्व यंत्रभाग दस्त्यांत पक्का धरून ठेवणें हें त्यांचें काम. त्यांचा ताण एकदां कमी, एकदां अधिक झाला, तर गोळ्या पडण्याची जागा सरकूं शकते; आणि नेमबाज, चूक नसतांही, आपल्या हातास दोष देत बसतो. किंवा याच्या उलट, चूक त्याची असतांही तो ती रायफलीवर ढकलतो. प्रश्न नैतिक होतो तो येथें.

यावर कित्येक जाणते म्हणतील कीं, ज्याच्या मनगटांत अनुभव आहे त्यास मापाची गरज काय? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आटे तिरपे बसले किंवा त्यांत कचरा अडकला, हें हात जितक्या लवकर ओळखतो तितक्या लवकर उपकरण ओळखत नाहीं. परंतु तोच हात सकाळीं ताजा व सायंकाळीं थकलेला असतो. पेचकसाची मूठ बदलली कीं त्याचा अंदाजही बदलतो. शिवाय कामांतील अंतर थोडें नसतें. एक इंच लांबीच्या दांड्याच्या टोकास एक पौंड जोर लावल्यानें जो पीळ पडतो, तो एक इंच-पौंड. दुर्बीण वापरण्याची मुभा असलेल्या लांब पल्ल्याच्या नेमबाजींत दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू पुष्कळदां १५ ते १८ इंच-पौंडांवर थांबवावे लागतात. अधिक आंवळल्यास दुर्बिणीची पातळ नळी दबते. धातूच्या आधारावर बसविलेल्या यंत्रभागाचे स्क्रू मात्र ६५ इंच-पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारें ७.३ न्यूटन-मीटरपर्यंत, नेले जातात. नुसतें लाकूड सहसा इतका पीळ सोसत नाहीं. इतके निरनिराळे आंकडे मनगट वर्षानुवर्षें जसेच्या तसे लक्षांत ठेवील, असें आम्हांस वाटत नाहीं.

अशा उपकरणांचे वागणुकीवरून तीन वर्ग पडतात. पहिल्यांत कांटा असतो. तो पीळ क्षणोक्षणीं दाखवितो, पण कोठें थांबावें हें तुमच्यावरच सोपवितो. दुसरा ठरलेल्या आंकड्यावर ‘टक्’ असा आवाज करतो. मात्र तो न ऐकतां जोर लावीत राहिल्यास स्क्रू पुढें फिरतोच. तिसरा ठरलेल्या मर्यादेस पोंचतांच घसरतो आणि अधिक पीळ देतच नाहीं. पहिला विवेकासारखा, दुसरा मनाच्या टोंचणीसारखा आणि तिसरा कायद्यासारखा आहे. यांतील श्रेष्ठ कोणता, असें विचारणें व्यर्थ होय. जेथें एका क्षणाच्या अविचारानें महाग वस्तु कायमची बिघडते, किंवा जेथें एकच हत्यार अनेकांच्या हातीं जातें, तेथें तिसरा बरा. जेथें धीर आहे व शिकण्याची इच्छा आहे, तेथें पहिला अधिक शिकवितो. आपल्या स्वभावाची ओळख असल्यावांचून निवड नीट होत नाहीं.

तथापि उपकरणासही मर्यादा आहेत. तें पीळ मोजतें. स्क्रूनें खरोखर किती धरून ठेवलें आहे, हें तें मोजीत नाहीं. स्क्रू ही एक ताणलेली स्प्रिंगच असते, आणि ताण व जोर यांचें प्रमाण रॉबर्ट हूक यानें १६७८ सालींच प्रसिद्ध केलें. पण लावलेल्या पिळापैकीं सामान्यतः नऊदशांश भाग घर्षणांतच खर्ची पडतो. म्हणून आट्यांना तेल लागलें, तर त्याच आंकड्यावर ताण पुष्कळ वाढतो. म्हणजे उपकरण श्रम मोजतें, फळ नव्हे. आणि माणसांच्या गुणांची आपण जीं मापें करतों, त्यांतील बहुतेकांची गत हीच नाहीं काय? शिवाय उपकरणाचें स्वतःचें मापही ढळतें. दुसरा नियम ठरलेला नसेल, तर वर्षानें किंवा पांच हजार वापरांनंतर त्याची तपासणी व्हावी, असें आंतरराष्ट्रीय मानक सांगतें. स्प्रिंगचें उपकरण काम संपल्यावर सर्वांत खालच्या आंकड्यावर आणून ठेवावें. आणि घेतांना असें घ्यावें कीं, आपणांस लागणारे आंकडे त्याच्या पट्टीच्या टोकाशीं न येतां मध्यावर येतील.

मग एवढ्या खटाटोपानें मिळविलें काय? आमच्या मतें, अचूकपणापेक्षां एकसारखेपणा मिळविला. आज जितकें आंवळलें तितकेंच उद्यां आंवळतां येतें; आंकडा टिपून ठेवतां येतो, दुसऱ्यास सांगतां येतो, लक्ष्यावर पारखून बदलतां येतो. मुख्य म्हणजे एक संशय पुष्कळसा दूर होतो. गोळी बाहेर गेली, तर दोष कोठें शोधावा हें कळूं लागतें. तो आंकडा योग्य कीं अयोग्य, ही जबाबदारी मात्र कोणतेंही उपकरण उचलीत नाहीं. ती निवडणाऱ्याचीच राहते. ज्यास आपला न्याय प्रामाणिकपणें करावयाचा आहे, त्यानें माप अवश्य वापरावें. ज्यास न्यायापासून सुटका हवी आहे, त्याच्या हातीं कितीही उत्तम माप दिलें तरी तें निरुपयोगीच होय.