सहीला जागणे

तेंगकू रझाले हमजा हे नाव निघाले की पाठोपाठ ४३ हा आकडा निघतो. २४ एप्रिल १९८७ रोजी मलेशियातल्या सत्ताधारी उम्नो पक्षाच्या अध्यक्षपदासाठी त्यांनी पंतप्रधान महाथिर मोहम्मद यांना आव्हान दिले. महाथिर यांना ७६१ मते पडली, रझाले यांना ७१८. उम्नोचा अध्यक्ष तोच देशाचा पंतप्रधान, ही तेव्हाची रीत. बावीस प्रतिनिधी फिरले असते तर देश वेगळ्या वाटेने गेला असता, असे आजही हळहळून सांगितले जाते. मला ही हळहळ अपुरी वाटते. रझाले यांच्या कारकिर्दीचा खरा पेच त्या दिवसाच्या तेरा वर्षे आधीचा आहे आणि तो एका कायद्यात दडला आहे.

१९३७ साली कोटा भारू इथे, केलांतानच्या राजघराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील राज्याचे मुख्यमंत्री होते. मुलगा बेलफास्टला अर्थशास्त्र शिकून परतला, तेव्हा देश स्वतंत्र होता, पण रबराचे मळे, कथिलाच्या खाणी आणि बँका बहुतांशी ब्रिटिश किंवा चिनी भांडवलाच्या ताब्यात होत्या. मे १९६९ मध्ये क्वालालंपूरमध्ये मलय आणि चिनी यांच्यात भीषण दंगल झाली. तिच्यातून धडा घेऊन पंतप्रधान टुन अब्दुल रझाक यांनी १९७१ मध्ये नवे आर्थिक धोरण आखले. उद्योगांच्या भागभांडवलात मलय आणि इतर भूमिपुत्रांचा वाटा जेमतेम अडीच टक्क्यांच्या आसपास होता, तो वीस वर्षांत ३० टक्क्यांवर न्यायचा होता. त्यासाठी संस्था लागणार होत्या. काही आधीच निघाल्या होत्या, काही नव्याने निघाल्या, आणि त्या उभारणाऱ्यांत हा तरुण राजपुत्र आघाडीवर होता. बँक बुमिपुत्र, सरकारी व्यापार महामंडळ पेर्नास, आणि १९७४ मध्ये पेट्रोनास. मलेशियाने कम्युनिस्ट चीनशी राजनैतिक संबंध जोडण्याच्या तीन वर्षे आधी, १९७१ मध्ये, व्यापारी शिष्टमंडळ घेऊन पेकिंगला जाणारेही तेच.

यात पेट्रोनासची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १९७३ च्या तेलसंकटानंतर आपले तेल परदेशी कंपन्यांच्या मक्त्यात ठेवणे कुठल्याच नवस्वतंत्र देशाला परवडणारे नव्हते. १९७४ च्या पेट्रोलियम विकास कायद्याने देशातल्या तेल आणि वायूची संपूर्ण मालकी एका कंपनीकडे सोपवली आणि ती कंपनी थेट पंतप्रधानांच्या नियंत्रणाखाली ठेवली. रझाले तिचे पहिले अध्यक्ष. राज्यांना आपला हक्क सोडायला राजी करायचे होते. त्या बदल्यात उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम राज्यांना मिळेल, असे करार झाले. पेट्रोनासतर्फे सही रझाले यांची होती. केलांतानच्या करारावरही.

त्या वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर पंतप्रधान म्हणून रझाक होते. शिस्तीचा, काटकसरी, सरकारी पैशाला जपणारा माणूस. अशा माणसाच्या हाती सगळी सूत्रे द्यायला कोण कचरेल? कायदा करणारे बहुधा इथेच चुकतात. समोरच्या भल्या माणसाकडे बघून ते अधिकाराचे माप ठरवतात. त्या खुर्चीत उद्या आपला प्रतिस्पर्धी बसेल, हा विचार तेव्हा अशुभ वाटतो. रझाक जानेवारी १९७६ मध्ये वारले. त्याच वर्षी रझाले अर्थमंत्री झाले आणि आठ वर्षे त्या पदावर राहिले. परिणाम दिसायला फार वेळ लागला नाही. बँक बुमिपुत्रच्या हाँगकाँगमधल्या उपकंपनीने तिथल्या कॅरियन या जमीनजुमल्याच्या उद्योगसमूहाला बेफाम कर्जे दिली, ती बुडाली, आणि चौकशीसाठी गेलेल्या लेखापरीक्षकाचा १९८३ मध्ये खून झाला. बँक बुडू नये म्हणून १९८४ मध्ये पेट्रोनासचा पैसा ओतण्यात आला. एका माणसाने उभारलेली एक संस्था त्यानेच उभारलेल्या दुसऱ्या संस्थेच्या तिजोरीवर तगली. त्याच वर्षी त्यांचे अर्थखातेही गेले.

१९८७ च्या पराभवानंतर त्यांनी मंत्रिपद सोडले. पक्षातला वाद न्यायालयात गेला, फेब्रुवारी १९८८ मध्ये न्यायमूर्ती हारून हाशिम यांनी उम्नोच बेकायदा ठरवली, महाथिर यांनी नवी उम्नो नोंदवली, आणि त्याच वर्षी देशाच्या सरन्यायाधीशांना, सालेह अब्बास यांना, पदावरून दूर करण्यात आले. रझाले यांनी सेमांगात ४६ हा पक्ष काढला. १९९० मध्ये इस्लामी पक्ष पासच्या साथीने त्यांनी केलांतानमधली एकूण एक जागा जिंकली. देशभर मात्र डाव फसला. मतदानाच्या तोंडावर साबामधल्या कादाझान लोकांचे पारंपरिक शिरोवेष्टन घातलेला त्यांचा फोटो वृत्तपत्रांनी छापला आणि त्यावरच्या नक्षीत क्रूस दाखवला. मुस्लिम मलय मतदारासाठी तेवढे पुरे होते. १९९६ मध्ये ते उम्नोत परतले. त्यांच्या चाहत्यांना हे परतणे अजून सलते. मला ते समजते. केलांतानमध्ये पासशी बिनसले होते आणि विरोधात राहून हाती फारसे उरले नव्हते.

पण केलांतानची किंमत चुकवायची राहिली होती. विरोधकांच्या ताब्यात गेलेल्या या गरीब राज्याला तेलाचे पाच टक्के मिळेनात. केंद्र म्हणे, तेल किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या पलीकडे आहे, तिथे राज्याचा हक्क पोचत नाही. शेजारच्या तेरेंगानूला हा वाटा नियमित मिळत होता. तिथे १९९९ मध्ये पास जिंकला आणि पुढच्याच वर्षी तो वाटाही थांबला. २००९ मध्ये पंतप्रधान नजीब रझाक यांनी केलांतानला मदतनिधी देऊ केला: हक्क म्हणून मागू नका, कृपा म्हणून घ्या. नजीब हे टुन रझाक यांचेच चिरंजीव.

जानेवारी २०१० मध्ये कोटा भारूत पासने मोठी सभा घेतली. उम्नोचे खासदार असलेले रझाले त्या व्यासपीठावर चढले. करारात किनाऱ्यावरचे तेल आणि समुद्रातले तेल असा भेद नाही, राज्याला पैसे मिळालेच पाहिजेत, अशी त्यांची बाजू होती. करार करणारा माणूसच त्याचा अर्थ सांगत होता, आणि तोही स्वपक्षाच्या सरकारविरुद्ध.

‘सेजाराह मेलायू’ या जुन्या मलय बखरीत राजा आणि प्रजेचा एक करार येतो. देमांग लेबार दाऊन प्रजेच्या वतीने निष्ठेचे वचन देतो, राजा प्रजेचा अपमान न करण्याचे वचन देतो, आणि एकाने शब्द मोडला तर दुसराही त्यातून सुटतो. मलय राजनिष्ठेचे गोडवे गाताना ही दुसरी बाजू बऱ्याचदा गाळली जाते. राजघराण्यात वाढलेल्या रझाले यांनी ती गाळली नाही, हे मला त्यांच्या सगळ्या पदांहून मोलाचे वाटते. कायद्यात पंतप्रधानांना अमर्याद सत्ता देताना त्यांनी अंकुश ठेवला नाही, हा दोष उरतोच. तो दोष पुरता निस्तरणे त्यांच्या हाती नव्हते. आपल्या सहीला जागणे तेवढे हाती होते.

१९७४ पासून ते संसदेत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये, ८५ व्या वर्षी, केलांतानमधल्या गुआ मुसांग मतदारसंघात ते १६३ मतांनी हरले. त्या रात्रीही बातम्यांतून आकडाच पुढे आला. पेट्रोनास अजूनही पंतप्रधानांच्याच अखत्यारीत आहे.