विचारणे आणि कळविणे

घरात वडीलधाऱ्यांचा मान पूर्वीसारखा राहिला नाही, ही तक्रार संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर हमखास ऐकू येते. वडील मंडळी आम्हांस अजून लहानच समजतात, ही तक्रारही त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाशी बसलेल्या तरुणांत तितक्याच वेळा ऐकू येते. आरतीनंतर ओटा झाडण्याचे काम लहानपणापासून आमच्याकडे असल्याने दोन्ही तक्रारी आमच्या कानांवर सारख्याच पडत आल्या आहेत, आणि दोन्हीकडे आमच्या आदराची माणसे आहेत. म्हणून, मुले वयात आल्यावर त्यांनी आईवडिलांशी कसे वागावे व आईवडिलांनी त्यांच्याशी कसे, या प्रश्नाचा अल्पमतीप्रमाणे येथे विचार करीत आहोत. आमचे वय लहान आणि शिक्षण शालान्त परीक्षेपुरते. तेव्हा चूकभूल वाचकांनी पदरात घ्यावी.

वडिलांची आज्ञा पूर्वी चालत असे, त्याचे कारण मुले अधिक सद्गुणी होती असे आम्हांस वाटत नाही. भिक्षुकाचा मुलगा भिक्षुकी शिके, सोनाराचा मुलगा बापाच्याच बागेसरीपुढे बसे. बडोद्यातील मराठी घरांत तर गायकवाड सरकारची चाकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. मुलाचे घर, धंदा आणि त्या धंद्याचे ज्ञान ही तिन्ही वडिलांच्या हातून येत, आणि त्यामुळे आज्ञेला आधार होता. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारच्या चाकरीचा तो मार्ग संपला. पुढे मुले कारखान्यांत गेली, नंतर पुण्यास व बंगळूरला गेली, आता कॅनडापर्यंत जातात. त्यांना पोटास लावणारे ज्ञान वडिलांपाशी नाही. यात वडिलांचा अपराध नाही आणि मुलांचाही नाही. आज्ञेचा आधार काळानेच काढून घेतला आहे.

परंतु आज्ञा गेली म्हणून ऋण गेले असे होत नाही. मग त्या ऋणाची फेड कशात आहे? पैशात आहे, असे कोणी म्हणतील. पैशाची जबाबदारी मोठी आहेच. ती टाळणाऱ्यांची संख्या वाढली, म्हणून तर २००७ साली आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी संसदेला कायदा करावा लागला. मुले सांभाळीत नसतील तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळविण्याची सोय त्यात आहे. सांभाळण्याच्या अटीवर मुलांच्या नावे केलेली मिळकत ती अट मोडल्यास परत मिळविता येते. कायदा चांगला आहे, पण कायद्याने मिळण्याजोगे तेवढेच त्यातून मिळते. ज्यांची मुले महिन्याच्या महिन्यास न चुकता पैसे पाठवितात अशी किती तरी आईवडील मंडळी आपल्या देवळात येतात, आणि त्यांच्याही मुद्रेवर एक प्रकारचे ओशाळलेपण असते. पैसा येतो. मग कशाची उणीव असते?

आमच्या मते ती विचारण्याची असते. मुले कळवितात, विचारीत नाहीत. नोकरी बदलली, घर घेतले, लग्न ठरले, हे सारे दूरध्वनीवरून कळते. आता तर समोर चेहराही दिसतो. पण कळते ते ठरल्यानंतर. विचारणे आणि कळविणे यांत क्षणाचेच अंतर असते, परंतु त्या एका क्षणात आईबाप घरातले राहतात की पाहुणे होतात, हे ठरून जाते.

कठोपनिषदातील नचिकेत्याची कथा आपण पुष्कळदा ऐकतो. वडील दानात थकलेल्या, भाकड गाई देत आहेत, हे त्या कुमाराच्या ध्यानात आले. तो गप्प बसला नाही, आणि यज्ञ सोडून निघूनही गेला नाही. मला कोणास देणार, असे त्याने वडिलांस विचारले, आणि उत्तर मिळाले नाही तेव्हा पुन्हापुन्हा विचारले. वडिलांनी संतापून मृत्यूचे नाव घेतले. पुढे यमाने तीन वर देऊ केले, त्यांतील पहिला वर नचिकेत्याने मागितला तो वडिलांचा राग शांत व्हावा आणि परत गेल्यावर त्यांनी आपणास प्रेमाने ओळखावे, यासाठी. आत्मज्ञानाची गोष्ट त्याने नंतर काढली. पुत्राला वडिलांचा दोष दिसू शकतो आणि तो बोलूनही दाखविता येतो; तरीही वडिलांचे मन शांत होणे ही त्याची पहिली गरज राहते, असा बोध आम्ही त्यातून घेतो.

दुसरे उदाहरण आपल्याच शहरातील आहे. महाराज सयाजीरावांनी १९०४ साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा केला आणि १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. महाराणी चिमणाबाईंचे भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयीचे इंग्रजी पुस्तक १९११ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी दिल्ली दरबाराच्या सुमारास त्यांची कन्या इंदिराराजे यांनी, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी वाङ्‌निश्चय झालेला असताना, कुचबिहारच्या जितेंद्रनारायणांशी लग्न करण्याचे मनात धरले. त्यांनी ग्वाल्हेरला परस्पर पत्र लिहून नकार कळविला, आणि आईवडिलांस ही गोष्ट समजली ती ग्वाल्हेरहून विचारणा करणारी तार आली तेव्हा. दोघांनीही कडवा विरोध केला. अखेर १९१३ साली लंडनमध्ये लग्न झाले, तेव्हा माहेरचे कोणी उपस्थित नव्हते.

ज्या राजाने सहस्रावधी मुलींस शाळेत बसविले, त्याला आपल्या मुलीचे स्वतंत्र मत पचविणे जड गेले, याचे प्रथम आश्चर्य वाटते. विचार करता ते वाटेनासे होते. परक्यांच्या मुलांचे स्वातंत्र्य हे धोरण असते. आपल्या मुलाचे स्वातंत्र्य हा वियोग असतो. आणि कन्येने विचारले का नाही? विचारले असते तर उत्तर नकाराचेच येणार, हे तिला ठाऊक होते. म्हणजे न विचारण्याचा दोष एकट्या कन्येच्या माथी मारता येत नाही. पुढे काळाने ती जखम भरून आली. इंदिराराजांची मुले आजोळी बडोद्यास येऊन राहत. कन्या गायत्रीदेवी यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात त्या दिवसांचे वर्णन केले आहे.

राजवाड्यात घडले तेच पुजाऱ्याच्या दोन खोल्यांतही घडते. आमचे वडील देवळाचे पुजारी आहेत, आणि आम्ही त्यांच्यामागून पूजा चालवावी ही त्यांची इच्छा आमच्या मुंजीपासून सर्वांस माहीत होती. आम्ही एका कारखान्याच्या गोदामात नोंदी ठेवण्याच्या जागेसाठी अर्ज केला, दोन महिने ती गोष्ट लपविली, आणि नेमणुकीचे पत्र हाती आल्यावर त्यांच्यापुढे जाऊन म्हणालो, "अण्णा, सोमवारपासून कामावर रुजू होतो आहे." ते गंध उगाळीत होते. हात थांबला नाही. "बरे," एवढेच म्हणाले. त्यानंतर सात-आठ महिने आमच्यांत कामापुरतेच बोलणे होत असे. पूर्वी अशा गोष्टी आईच्या मार्फत वडिलांच्या कानांवर जात. आम्ही आईलाही सांगितले नव्हते, त्यामुळे तीही वाट बंद झाली होती.

पुढे अण्णांना ताप आला आणि चार दिवस पूजा आम्ही केली. चौथ्या दिवशी आम्ही तीर्थ घेऊन गेलो तेव्हा ते म्हणाले, "नोकरी धरलीस याचे दुःख नाही रे. मी हो म्हटले असते की नाही, ते माझे मलाही ठाऊक नाही. पण एकदा विचारायचे होतेस." थोडा वेळ थांबून म्हणाले, "मलाही कोणी विचारले नव्हते. बाराव्या वर्षी हातात पळी-पंचपात्र दिले, आणि झाले." त्या दिवसापर्यंत आम्ही त्यांस केवळ आज्ञा करणारे समजत होतो. त्यांनाही कधी काळी मन होते आणि ते कोणी पाहिले नव्हते, हे आम्हांस तेव्हा कळले.

यावर तरुण मित्र विचारतील की, नकार आला तर काय? विचारणे म्हणजे परवानगी मागणे नव्हे, असे आमचे उत्तर आहे. आयुष्य ज्याचे, निर्णय त्याचा. मात्र निर्णय ठरण्यापूर्वी ज्यांचे म्हणणे मनापासून ऐकले, त्यांचा नकार मोडतानाही त्यांचा मान राहतो. आणि वडीलधाऱ्यांस आमची विनंती अशी की, उत्तर देताना शपथा व उपास यांचे शस्त्र काढू नये. एकदा ते शस्त्र निघाले की मूल पुन्हा विचारावयास येत नाही. मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्यास मित्राप्रमाणे वागवावे, असे आपले जुने वचन आहेच. मित्र सल्ला देतो, रुसतोही, पण शाप देत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हां तरुणांसाठी. आईवडील थकले की आज्ञा करण्याचा अधिकार नकळत आपल्याकडे येतो. वाडा विकून फ्लॅटमध्ये जायचे, आईला बंगळूरला न्यायचे, हे मुले आपसांत ठरवितात आणि आईला सामान बांधावयास सांगतात. ज्या वागण्याबद्दल आपण वडिलांस दोष दिला, तेच वागणे आपल्या हातून सेवेच्या नावाने होते. विचारण्याचे ऋण दोन्ही बाजूंस आहे आणि ते वयाने फिटत नाही.

गेल्या महिन्यात अण्णांनी आम्हांस विचारले, "माझ्यामागे पूजेचे काय करावे, असे तुला वाटते?" आम्ही दोन दिवसांची मुदत मागितली, ती केव्हाच संपली. उत्तर अद्याप आमच्यापाशी नाही, आणि तेही घाई करीत नाहीत. रात्री देऊळ बंद करून दोघे ओट्यावर बसतो आणि त्याविषयी थोडे बोलतो. सभासद कुटुंबांतील थोरामोठ्यांनी आणि मुलामुलींनी आपापल्या घरी, काही ठरण्यापूर्वी, असेच थोडे बोलावे, एवढेच नम्रपणे सुचवितो.