पर्यावरणाचा पेपर आणि बाकीचे सगळे पेपर

आपल्या विद्यापीठांत पर्यावरण शिकवलेच जात नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याची दिशा दाखवली. पुढे बारा वर्षे अंमलबजावणी रेंगाळली आणि २००३ साली न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा सामाईक अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. पन्नास तासिका, पंचाहत्तर गुणांची परीक्षा, पंचवीस गुणांचे क्षेत्रकार्य. जवळची नदी, टेकडी किंवा माळरान पाहावे, प्रदूषित जागी जाऊन नोंदी कराव्यात, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. आराखडा चांगला होता. प्रत्यक्षात मात्र अनेक महाविद्यालयांत तो उत्तीर्ण होण्यापुरता पेपर ठरला आणि नदीकाठच्या नोंदींच्या जागी आदल्या वर्षीच्या प्रकल्पाची नक्कल आली.

दोष या पेपरात नाही, त्याच्या एकटेपणात आहे. विद्यार्थी पुढे जे निर्णय घेणार, त्यांचे शिक्षण त्याला मुख्य विषयांच्या पेपरांत मिळते. पूल कसा बांधायचा, कर्ज कोणाला द्यायचे, कारखान्याचा ताळेबंद कसा मांडायचा, हे तिथे ठरते. त्या पेपरांत माती, पाणी आणि हवा यांचा हिशेब नसेल, तर पर्यावरणाच्या पेपरातले प्रदूषणावरचे चांगले उत्तर त्याच्या कामात कधीच उतरणार नाही. १९७७ साली तिबिलिसीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही पर्यावरण शिक्षण आंतरविद्याशाखीय असावे, अशीच शिफारस केली होती. शाश्वततेचे शिक्षण द्यायचे, तर ते प्रत्येक विषयाच्या गाभ्यात शिरले पाहिजे.

म्हणजे नेमके काय, हे स्थापत्य अभियांत्रिकीच्या एका तासिकेवरून पाहता येईल. काँक्रीटचे मिश्रण ठरवण्याचे गणित प्रत्येक विद्यार्थी सोडवतो. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे प्रमाण काढायचे, ठोकळे ओतायचे, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली दाबून त्यांची ताकद मोजायची. वहीत दोन गोष्टी येतात: ताकद आणि खर्च. याच विद्यार्थ्याने अकरावी-बारावीत शिकलेले असते की शंभर ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट भाजले, की छप्पन ग्रॅम चुना उरतो आणि चव्वेचाळीस ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे सिमेंटसाठी एक टन शुद्ध चुनखडी भाजली, तर चारशे चाळीस किलो वायू केवळ दगडातून सुटतो. भट्टीतल्या इंधनाचा धूर वेगळाच. पण रसायनशास्त्राची ती वही आणि काँक्रीटची ही वही कधी एकत्र उघडली जात नाही. गणितात कार्बनचा तिसरा रकाना घातला, की विचारच बदलतो. चंद्रपूर, कोराडी किंवा एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रांची राख सिमेंटच्या काही भागाऐवजी वापरली तर? कार्बन घटतो, पण सुरुवातीची ताकद सावकाश येते, त्यामुळे सेंट्रिंग काढायला थांबावे लागते आणि काम लांबते. हा पेच सोडवणे हेच अभियांत्रिकीचे शिक्षण आहे. त्यासाठी नवा विषय लागत नाही, एक रकाना लागतो.

वाणिज्य आणि अर्थशास्त्राचेही तसेच आहे. साखर कारखान्याच्या खर्चपत्रकात उसाचा दर, तोडणी-वाहतूक, मजुरी, व्याज, घसारा सारे येते. उसाने प्यायलेल्या पाण्याची खरी किंमत येत नाही. महाराष्ट्रात लागवडीच्या जमिनीतला थोडाच भाग उसाखाली आहे, पण सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा त्याला जातो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. ते लातूर उसाच्या पट्ट्यातलेच. ज्या खर्चाचा भार हिशेबाबाहेरच्या माणसांवर पडतो, त्याचे याहून बोलके उदाहरण अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला परदेशी पुस्तकात सापडणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा की हा शिक्षणाच्या नावाखाली प्रचार होईल. आयती उत्तरे पढवली, तर नक्कीच होईल. म्हणूनच ऊस वाईट असे शिकवून भागणार नाही. उसाला कायद्याने ठरलेला रास्त आणि किफायतशीर दर आहे, घेणारा कारखाना ठरलेला आहे. तूर-ज्वारीला ती शाश्वती नाही. शेतकरी ऊस लावतो तो याच हिशेबाने. विद्यार्थ्यापुढे पाण्याचा आणि शेतकऱ्याचा, असे दोन्ही हिशेब ठेवावेत आणि धोरण त्याला सुचवू द्यावे. तो शिक्षकाशी असहमत झाला तरी शिक्षण झालेलेच असते.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो खरा आहे. अभ्यासक्रम आधीच ठासून भरलेला, जागा रिकाम्या, प्रशिक्षण नाही. पण इथे मागणी नव्या तासिकांची नाही, जुनी उदाहरणे बदलण्याची आहे. विभागातल्या दोघांनी पर्यावरणशास्त्राच्या सहकाऱ्यासोबत बसून सत्रासाठी तीन-चार गणिते आणि एक स्थानिक प्रकरण तयार केले, तरी सुरुवात होते. स्थानिक प्रश्न अभ्यासात आणण्याची वाट राज्यात तयारही आहे. आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारे केंद्र १९८५ पासून आहे, आणि त्या अनुभवातून उभ्या राहिलेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानात अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी गावच्या पाणीयोजनांसारखे प्रश्न अभ्यासत आले आहेत.

याचा नोकरीला काय उपयोग, हा मुद्दाही उलट बाजूनेच पडतो. बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून आपल्या पाणी, ऊर्जा आणि उत्सर्जनाचा अहवाल देणे सेबीने बंधनकारक केले आहे. तो अहवाल लिहिणारे आणि तपासणारे वाणिज्य पदवीधर कुठून येणार आहेत?

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: जे सर्वांचे काम, ते कोणाचेच नसते. वेगळा पेपर निदान वेळापत्रकात दिसतो. सगळीकडे मिसळलेला विषय अदृश्य होऊन जाईल. ही भीती रास्त आहे, म्हणून सामाईक पेपर पाया म्हणून राहिलाच पाहिजे. त्यावरच्या बांधकामाची जबाबदारी मात्र नाव घेऊन ठरवावी लागेल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार अभ्यासक्रम आखण्याचे काम अभ्यास मंडळांचे आहे आणि त्या अभ्यासक्रमांना मान्यता विद्या परिषद देते. आपल्याकडे जे परीक्षेत येते तेच शिकवले जाते, हे वास्तव मान्य करून प्रत्येक मुख्य पेपरात संसाधनांच्या हिशेबाचा निदान एक अनिवार्य प्रश्न ठेवावा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातले अभ्यासक्रम आता नव्याने लिहिले जात आहेत. पर्यावरणाला पुन्हा मूल्यशिक्षणाच्या दोन-चार श्रेयांकांत बसवून बाकीची पाने जशीच्या तशी ठेवली, तर पुढच्या पिढीचे अभियंते आणि लेखापाल पाण्याची किंमत शून्य धरूनच हिशेब करतील. अभ्यास मंडळांच्या सदस्यांनी आपापल्या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा पेपर समोर घ्यावा आणि कामाला त्यापासूनच सुरुवात करावी.