पूर, पेडल आणि अनुमान

कार्यावरून कारण ओळखणे याला न्यायदर्शनात ‘शेषवत्’ अनुमान म्हणतात. त्याचे जुने उदाहरण नदीचे आहे: पूर आला, म्हणजे वर पाऊस झाला. पूर्वपक्ष, म्हणजे आक्षेप घेणारा, अडवतो, की पाणी बांध घातल्यानेही चढते. त्यावर उत्तर असे, की पावसाच्या पुराला ओढ असते, फेस असतो, पाने-लाकडे वाहून येतात. नुसते चढलेले पाणी पुरावा नव्हे.

जुन्या एमजीबी स्पोर्ट्स कारच्या क्लचलाही हेच लागू पडते. पेडल तळाला टेकते, गिअर खरखरतात. एवढ्यावरून प्लेट गेली म्हणणे हा सव्यभिचार, म्हणजे एकाच निष्कर्षाकडे न नेणारा, हेतू, आणि महागडा, कारण प्लेटसाठी इंजिनच उतरवावे लागते. पेडल दोन-चारदा मारल्यावर ताठ झाले, तर बहुधा क्लचच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा असते. स्लेव्ह सिलिंडरच्या रबरी टोपीखाली ओल दिसली, तर तिथले सील गेलेले. बाहेर गळती नाही, पण दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसते, तेव्हा संशय मास्टर सिलिंडरच्या सीलवर. पुशरॉडची पिन झिजली असेल, तर पेडलची मोकळी चाल वाढते आणि कितीही पंप केले तरी फरक पडत नाही. पिन नवी घालावी. सील बदलले, की स्लेव्हच्या निपलमधून हवा काढावी.