दयाळ, चिरक आणि गोत्राचा प्रश्न

दयाळ आणि चिरक यांची गल्लत सहसा होत नाही. दयाळ नर काळा-पांढरा, पंखावर लांब पांढरा पट्टा; चिरक नर काळा, खांद्याशी पांढरा ठिपका आणि शेपटीखाली तांबूस. माद्या फिक्या रंगाच्या. रंगापेक्षा जागेचा भेद अधिक बोलका. भिलाईचेच पाहा: पोलाद कारखान्याभोवती तिथे सेक्टर वसत गेले. तिथल्या क्वार्टरांच्या बागांत, झाडांच्या सावलीत दयाळ वावरतो. वस्ती संपून मुरमाड माळ आणि झुडपे लागली की चिरकाचे राज्य सुरू होते.

चिरक म्हणजे दयाळाचा बेसूर भाऊबंद, असे मानणारे पुष्कळ भेटतात. हे मत अन्यायाचे आहे. उन्हाळ्याच्या पहाटे उंच फांदीवर किंवा तारेवर बसून दयाळ लांब, फिरत्या ताना घेतो, इतर पक्ष्यांच्या नकलाही करतो, हे खरे. चिरकाचे गाणे तुटक आणि आखूड. पण विणीच्या दिवसांत चिरक नर शेपटी थेट पाठीवर उलटी नेतो, तिच्याखालचा तांबूस रंग उघडा पडतो आणि तसाच तो मादीपुढे नाचत येतो. उघड्या माळावर जे डोळ्यांना दिसते, ते सगळे गळ्याने सांगायची गरज काय?

दयाळाचा दुसरा नातलग, जंगलातला शामा, गायक म्हणून पिंजऱ्यात पडला. १८८९ मध्ये लुडविग कॉख या जर्मन मुलाने पाळीव शामाचे गाणे मेणाच्या नळकांडीवर मुद्रित केले. पक्ष्याच्या आवाजाचे ते पहिले ज्ञात मुद्रण. शामाचे पोटही तांबूस असते, हे इथे विसरू नये.

कारण चिरकाला बराच काळ सॅक्सिकोलॉइडीस या वेगळ्या वंशात एकटे बसवले होते. डीएनएच्या अभ्यासानंतर तो दयाळ आणि शामा यांच्या कॉप्सिकस वंशात आला. म्हणजे ओळख पटवायला उपयोगी पडणारा जागेचा भेद नाते ठरवताना कुचकामी ठरतो. बिळात किंवा भिंतीच्या भोकात घरटे, जमिनीवर किडे टिपणे, शेपटी उभारणे या समान सवयींना अधिक वजन द्यायला हवे होते. रंगाचा भरवसा तर एका जातीतही नाही: दक्षिणेतल्या चिरक नराची पाठ काळी, उत्तरेतल्याची तपकिरी, आणि मधल्या प्रदेशात दोन्हींच्या दरम्यानची.