थंडी कुणाची? (गीता, अध्याय २, श्लोक १४)

मंडळी, आजच्या श्लोकात भगवान अर्जुनाला सांगतात की थंडी-ऊन, सुख-दुःख इंद्रियांच्या स्पर्शातून येतं नि जातं, ते सोस. एसीत बसून हे लगेच पटतं!

डिसेंबरात मित्रासोबत बाइकवरून आलापल्लीहून भामरागडला निघालो होतो. पहाट, दोन्हीकडे सागाचं जंगल, धुकं. हातमोजे घालूनही बोटं क्लच दाबेनात. मागून मित्र म्हणाला, "काय रे, तितिक्षा कुठं गेली?"

भामरागडच्या अलीकडेच हेमलकसा लागतं. १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी इथं लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे इथं आले, अंगावर पुरेसे कपडे नसलेले माडिया लोक त्यांनी पाहिले आणि स्वतः बनियन नि अर्ध्या चड्डीवर राहू लागले. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. मंदाताईंसोबत दवाखाना चालवला, शाळा उभी राहिली.

मला तितिक्षा म्हणजे सर्व्हरच्या लोड टेस्टसारखी वाटायची, किती ताण झेपतो ते बघायचं. पण मूळ श्लोकातलं क्रियापद बघा, एकवचनी आज्ञार्थ आहे. 'तू सोस.' समोरच्याला सोसू दे, असं भगवंत कुठं म्हणतात? आपण मात्र स्वतःसाठी हीटर लावतो आणि सोसायटीच्या वॉचमनची थंडी 'येते नि जाते' म्हणून सोडून देतो.

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम नि इंद्रावती एकत्र येतात. त्या पाण्यात मित्र उतरला, मी काठावरच कुडकुडत उभा राहिलो.

उद्या पंधरावा श्लोक. हरि ॐ.